पानं पोचली, शेजार राहिला

काळ्या पडद्यावर 'मॅन एलएस' टाइप केलं की 'एलएस' या कमांडची सगळी माहिती समोर उघडते. नवखी विद्यार्थिनी दोन-चार ओळी वाचते, गांगरते आणि बाहेर पडायची वाट शोधू लागते. एस्केप दाबते, एन्टर दाबते, शेवटी खिडकीच बंद करून टाकते. 'क्यू' दाबलं की सुटका होते, पण ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं. हे इतक्या वेळा पाहिलं, की आता पहिल्या तासाला मी सगळ्यात आधी 'क्यू' शिकवतो.

अडलेल्याला जाणत्यांचं ठरलेलं उत्तर असतं : "मॅन पेज वाच." सल्ला चुकीचा नाही. पण ही पानं मुळात कुणासाठी लिहिली गेली, याचा त्यात विसर पडलेला असतो. 'मॅन' म्हणजे मॅन्युअल. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधली. पुढच्या जूनमध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा युनिक्स चालणारी यंत्रं होती दहा. पहिल्या आवृत्तीतल्या पानांवर तो प्रोग्रॅम कुणाचा हे नोंदलेलं असे आणि 'बग्ज' या मथळ्याखाली त्यातले माहीत असलेले दोषही. (आपल्या कामातली खोट आपणच छापून द्यायची, या प्रामाणिकपणाबद्दल मला अतोनात आदर आहे.) वाचणाऱ्याचं अडलंच, तर लिहिणारा हाकेच्या अंतरावर असायचा. त्यामुळे मजकूर त्रोटक असला तरी भागत होतं. पुढच्या पन्नास वर्षांत पानं जगभर पोचली, तो शेजार मात्र तिथेच राहिला. म्हणून "वाच" म्हणणाऱ्याने निदान तासभर शेजारी बसावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

त्या तासात सांगायचं ते फार नसतं. वरची 'सिनॉप्सिस'ची ओळ कशी वाचायची : चौकोनी कंसातलं दिलं नाही तरी चालतं, उभ्या रेघेच्या अलीकडचं किंवा पलीकडचं, एकच घ्यायचं, तीन टिंबं असली की तेच पुन्हा पुन्हा देता येतं. मग मॅन्युअलच्या विभागांचे आकडे. ठरावीक वेळी काम आपोआप चालवायचं म्हणून मुलं 'मॅन क्रॉनटॅब' उघडतात आणि मिनिट, तास, तारीख कुठल्या क्रमाने लिहायची ते शोधत बसतात. ते तिथे नसतंच. ते पाचव्या विभागात, 'मॅन ५ क्रॉनटॅब'मध्ये असतं, आणि पहिल्या पानाच्या तळाशी 'सी ऑल्सो'त तशी खूणही दिलेली असते. पण तळाशी खूण असते हे ठाऊक नसेल, तर तिथवर उतरणार कोण?

"सगळं इंटरनेटवर मिळतं, मग हे कशाला?" हा प्रश्न दर वर्षी येतो. त्यावर मी 'सेड'चं उदाहरण देतो. फाइलमधला शब्द जागच्या जागी बदलणारी 'सेड -आय'ची ओळ लिनक्सवर बिनबोभाट चालते. तीच मॅकवर चिकटवली तर बहुतेक वेळा एरर येते, कारण तिथल्या 'सेड'ला '-आय'च्या पुढे बॅकअप फाइलचं शेपूट सांगावं लागतं, निदान रिकामं अवतरण तरी. इंटरनेटवरचं उत्तर कुणाच्या तरी यंत्रासाठी असतं. मॅन पेज सहसा तुमच्या यंत्रावर बसवलेल्या प्रोग्रॅमबरोबरच आलेलं असतं, आणि नेट नसलं तरी उघडतं.

एक अडचण मात्र तासाभरात सुटत नाही. पान उघडायला कमांडचं नाव माहीत हवं. ते माहीत नसेल तर 'अप्रोपोस' आहे, पण ते शब्द शोधतं पानाच्या नावात आणि एका ओळीच्या इंग्रजी वर्णनात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या मनात "दोन फायलींतला फरक" असतो. त्याला 'डिफरन्स' सुचतो की 'कम्पेअर', यावर 'डिफ' सापडणं अवलंबून. 'कम्पेअर' सुचला तर 'डिफ' हाती लागतं, 'डिफरन्स' सुचला तर बरेचदा निसटतं. ही उणीव त्या मुलाच्या बुद्धीची नाही, आणि त्याला तसं वाटू देणं मला अन्यायाचं वाटतं.

यावर आम्ही वर्गात एक वही ठेवली आहे. डावीकडे काम, मराठीत, मुलांच्याच शब्दांत; उजवीकडे कमांड आणि विभागाचा आकडा. "ठरल्या वेळी आपोआप", क्रॉनटॅब, ५. परवा एकीने त्याखाली पेन्सिलीने भर घातली : "आधी तळ बघ."