तीन साक्षीदार

आमच्या गावात एकदा माझ्याविषयी बातमी उठली की, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि गडी प्यायला लागला. सांगणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दिवेलागणीला मळ्यातून येताना मी पाय फाकून, हेलकावे खात चालायचो. एकदा तर मारुतीच्या पाराला धरून उभा राहिलो. गावाला तेवढा पुरावा पुरे झाला. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण ज्याचा तोल जातो, त्यानं हे सांगायचं कुणाला?

झालं होतं असं. 2009 साली माझा टीबी उलटला. पहिल्या खेपेला बरं वाटायला लागल्यावर मी गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, ती चूक माझी. उलटलेल्या टीबीला तेव्हा गोळ्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन देत. आठवड्यातून तीनदा, दोन महिने, अशी 24 इंजेक्शनं. खोकला थांबला, वजन भरलं, जीव वाचला. पण शेवटी शेवटी एका सकाळी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि मी सरळ न्हाणीच्या दगडावर आपटलो. तेव्हापासून डोळे उघडे तर उभा, मिटले तर आडवा. चालायला लागलो की समोरची लिंबाची झाडं वरखाली उड्या मारायची. एसटीची पाटी वाचायची तर आधी थांबावं लागायचं, चालत्या पावली अक्षरं नाचायची.

जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. मला नवल वाटलं, पडतोय मी आणि तपासतायत कान! ते म्हणाले, "काका, कान नुसता ऐकायला नसतो." मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या आतल्या हाडात तीन वाकड्या नळ्या असतात, तिन्हींचं तोंड तीन दिशांना. आत पाणी. मान वळली की ते पाणी मागं रेंगाळतं आणि आतले बारीक केस वाकतात. त्यावरनं मेंदूला कळतं, डोकं कुठं वळलं. शेजारी दोन बारक्या पिशव्या, त्यांत चुन्याचे कण. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसं ते कण खाली कुठं आणि वर कुठं हे सांगत राहतात. माझ्या दोन्ही कानांतले ते केस इंजेक्शनानं मेले होते. ऐकू चांगलं येत होतं, पण ओळंबा तुटला होता. शेतात रोप मेलं तर नांग्या भरता येतात. हे केस परत उगवत नाहीत.

"मग मी आत्ता उभा कसा आहे?" मी विचारलं.

ते म्हणाले, "माणूस तीन साक्षीदारांच्या भरवशावर उभा असतो. एक कान, दुसरा डोळा, तिसरे पाय. तळपायाला आणि सांध्यांना जमीन कळते. मेंदू तिघांना विचारतो, तिघांचं जुळवतो आणि सारखी दुरुस्ती करत राहतो. तुमचा एक साक्षीदार गेला. उरलेल्या दोघांना जास्त काम शिकवा."

मग शिकवणी सुरू झाली. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्याच्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. भिंतीजवळ पाय जुळवून उभं राहायचं. चक्कर येते म्हणून निजून राहिलं तर मेंदू शिकत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सहा महिन्यांत दिवसा मी बरा चालू लागलो. सुजाण वाचकाला वाटेल, झालं मग. पण शेतकऱ्याचं काम दिवसाच संपत नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईट होती. ज्वारीला पाणी द्यायचं होतं. बायको म्हणाली, "अहो, मी येते संगं." मी म्हणालो, "माझ्या बापाचा बांध हाय तो, मला पाठ हाय." एकटाच गेलो. दारं धरता धरता बॅटरी विझली. अंधारात डोळ्याची साक्ष गेली. भिजलेल्या मातीत पाय रुतले, पायांची साक्ष गेली. कान तर आधीच गेलेला. कुणी ढकललं नाही, ठेच लागली नाही, तरी मी वाफ्यात पालथा पडलो. तोंडात चिखल. वर कुठं आहे ते हातानं चाचपून बघावं लागलं.

त्या चिखलात पडल्या पडल्या मला एक माणूस आठवला.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडं एक सालगडी होता. कामाला वाघ, पण चालताना अधूनमधून झोकांडी जायची. एका संध्याकाळी ओल्या बांधावरून युरियाचं पोतं नेताना तो पाटात पडला. पोतं फुटलं, युरिया पाण्यात विरघळून गेला. मी म्हणालो, "पिऊन कामावर येतोस?" तो म्हणाला, "नाही मालक." एवढंच. मी पुढं काही विचारलं नाही. साल मोडलं, त्याचे 900 रुपये राहिले होते ते नुकसानीत कापले आणि त्याला घालवून दिलं. त्या रात्री मला शांत झोप लागली होती, हे लिहायला आज लाज वाटते.

माझं शरीर एक पाऊल टाकायच्या आधी तीन साक्षीदारांना विचारतं. मी एका माणसाच्या पोटावर पाय दिला तो एकट्या डोळ्याच्या साक्षीवर. तोसुद्धा दिवेलागणीचा डोळा.

पुढच्या सुगीनंतर बायकोला घेऊन त्याच्या गावी गेलो. तो वारला होता. त्याची बायको ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, त्याला काही दुखणं होतं का? ती म्हणाली, "कानातून पू यायचा. ल्हानपणापासनं." मग थोडं थांबून म्हणाली, "कधीमधी घ्यायचेबी. त्या दिवशी घेतली हुती का न्हाई, मला ठावं न्हाई." म्हणजे मी संपूर्ण चुकलो होतो, एवढंही समाधान मला मिळालं नाही. मी 900 रुपये पुढं केले. तिनं घेतले, मोजले आणि म्हणाली, "इतक्या वर्षांचं याज न्हाई धरलं?" ती हसली नाही. मी खिशात होते तेवढे दिले. पण ते व्याज किती होतं, हे मला अजून काढता आलेलं नाही.

लोक मला विचारतात, त्या इंजेक्शनाचा राग येत नाही का? हे औषध 1943 साली अमेरिकेतल्या एका शेती कॉलेजात मातीतल्या जंतूपासून काढलेलं. त्यानं जगात किती जणांना वाचवलं. त्यांत मीही आलो. पुढं 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेनं उलटलेल्या टीबीला हा जुना डोस देऊ नका असं सांगितलं. माझ्या तागडीत एका पारड्यात जीव आहे, दुसऱ्यात तोल. जिवाचं पारडं जड आहे, त्यात वाद नाही. फक्त सुई टोचण्याआधी कुणी सांगितलं असतं की बाबा, असं होऊ शकतं, तर बरं झालं असतं. मी इंजेक्शन तरीही घेतलंच असतं. पण मला कुणी विचारलं नाही, तसं मीही त्याला विचारलं नव्हतं. त्यामुळं राग धरायला बसलो की तो माझ्यापाशीच येऊन थांबतो.

लहानपणी वडीलधारे म्हणायचे, माणसानं तोल सोडू नये. मला वाटायचं तोल म्हणजे खांबासारखं न हलणं. आता कळतं, उभा माणूससुद्धा सारखा थोडा थोडा पडत असतो आणि सावरत असतो. ज्याला आपण कधी पडणारच नाही असं वाटतं, तो नीट सावरत नाही. बांधावरही आणि न्याय करतानाही.

आता रात्रीच्या पाण्याला बायको पुढं चालते. तिच्या हातात बॅटरी, माझा एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. पहिले काही दिवस मला फार कमीपणा वाटला. मग लक्षात आलं, जन्मभर तीन साक्षीदारांच्या जिवावर चाललो आणि त्याला 'माझा तोल' म्हणत आलो. हा खांदा चौथा.

परवा आठवडी बाजारात एक माणूस भेलकांडत चालला होता. लोक बाजूला होऊन हसत होते. मी जवळ गेलो, विचारलं, "दादा, चक्कर येते का? कान दुखतो का?" त्यानं मला आईवरून शिवी दिली. तोंडाला वास येत होता, चांगलाच प्यालेला होता. तरी मी त्याचा हात धरला आणि त्याला चावडीच्या कट्ट्याकडं न्यायला लागलो. ऊन उतरलं होतं. दोघंही हेलकावत चाललो होतो आणि लोक आता दोघांना हसत होते.