न दाखविलेली चित्रे

काही महिन्यांपूर्वी मुंबईच्या उपनगरातील एका शिक्षणसंस्थेत सूक्ष्मदर्शन व सूक्ष्मविश्लेषण या विषयावर एक लहानशी परिषद भरली होती. त्या शास्त्राशी माझा काडीइतकाही संबंध नाही. परंतु आमच्याच जिन्यावरील शेजाऱ्यांची कन्या तेथे आपला पहिला निबंध वाचणार होती, आणि विद्वानांच्या मेळ्यात एकट्याने जाण्याचा तिच्या वडिलांस संकोच वाटत होता. म्हणून सोबतीस मी गेलो. मुलुंडहून तेथे पोहोचेपर्यंत आम्ही दोघे पावसाविषयी आणि इमारतीच्या पुनर्विकासाविषयी पुष्कळ बोललो. परत येताना मात्र फारसे कोणीच बोलले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

मुलीचा विषय माझ्यासारख्यासही समजेल असा निघाला. घाटकोपरकडील एका पाडलेल्या जुन्या इमारतीच्या खांबातून तिने काँक्रीटचा नखाएवढा कपचा घेतला होता. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते व तोच धर्म आतील लोखंडी सळईचे गंजापासून रक्षण करतो. पण खाऱ्या वाऱ्यातून किंवा न धुतलेल्या खाडीच्या वाळूतून आलेल्या मिठातील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की हे कवच भेदले जाते. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा मागतो. आणि बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतल्या आत फुटू लागतो. हे सारे कसे घडते ते तिने इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. १९३१ साली बर्लिन येथे क्नोल व रुस्का यांनी या यंत्राचा पहिला नमुना उभारला. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरल्यामुळे साध्या भिंगास अगम्य असलेले तपशील त्यातून दिसतात. शिवाय त्या झोताचा आघात झाला की प्रत्येक मूलद्रव्यातून त्याचे त्याचे ठराविक क्ष-किरण बाहेर पडतात. १९५१ साली पॅरिसच्या रेमाँ कास्तँ यांनी आपल्या प्रबंधात या गोष्टीचा उपयोग करून, पदार्थाच्या एका सूक्ष्म बिंदूत कोणकोणती मूलद्रव्ये आहेत हे ओळखण्याची रीत घालून दिली. नुसते पाहणेच नव्हे, तर जे पाहिले त्याचे नावगाव विचारणेही त्यामुळे शक्य झाले.

पडद्यावर चित्र आले तेव्हा सभागृहात हलकीशी वाहवा उमटली. गंजाचे स्फटिक एखाद्या फुलाच्या पाकळ्यांसारखे उमललेले होते. शेजारच्या चित्रात सळईच्या कडेकडेने क्लोरीन हिरव्या ठिपक्यांनी दाखविलेले होते. अशी तीन चित्रे तिने दाखविली आणि संपूर्ण खांबच क्षाराने पोखरला गेला होता असा निष्कर्ष वाचला. टाळ्या झाल्या. तिचे वडील माझ्याकडे पाहून प्रसन्नपणे हसले.

तेवढ्यात मागच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ उठले. बहुधा निवृत्त अभियंता असावेत. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, “बाई, चित्र उत्तम आहे. पण याच्या शेजारी काय होते?”

मुलगी क्षणभर गोंधळली. परंतु तिने उत्तर टाळले नाही, हे तिच्याविषयी सांगितलेच पाहिजे. एकंदर चाळीस जागा पाहिल्या, अकरा जागी असे दिसले, उरलेल्या जागी क्लोरीन नाममात्र होते, आणि अकरांतील जी तीन सर्वांत स्पष्ट ती घेतली, असे ती म्हणाली. उरलेली चित्रे कोठे आहेत, असे गृहस्थांनी विचारले. “संगणकात आहेत, सर.” थोडे लोक हसले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि पुढच्या वक्त्यास बोलाविले.

मला मात्र तो प्रश्न सोडीना. ती मुलगी खोटे बोलली काय? मुळीच नाही. तिन्ही चित्रे खरी होती आणि त्यांत तिने काडीचाही फेरफार केला नव्हता. न्यायालयात साक्षीदाराकडून जी शपथ घेतात तिचे तीन भाग असतात: सत्य सांगेन, संपूर्ण सत्य सांगेन, सत्यावाचून दुसरे काही सांगणार नाही. पहिल्या व तिसऱ्या भागास ती चित्रे उतरत होती. अडचण होती ती दुसऱ्याची.

पण संपूर्ण सत्य दाखवावे तरी कसे? हिशेब करून पाहू. तो कपचा एक सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद धरला, आणि दहा हजार पट मोठे करून पाहताना एका दृष्टिक्षेपात सुमारे दहा मायक्रोमीटरची चौकट दिसते असे मानले, तर तेवढ्या पृष्ठावर अशा दहा लाख चौकटी होतात. एकेका चौकटीस एक मिनिट दिले आणि अन्नपाणी व झोप सोडून बसले, तरी जवळजवळ दोन वर्षे लागतील. आणि हा सारा एका खांबाचा एक कपचा! तेव्हा निवड ही शास्त्रज्ञाची लबाडी नव्हे, ती त्याची अगतिकता आहे. जो पाहतो त्याला निवडावेच लागते.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्या बायका पिढ्यानपिढ्या सांगत आल्या आहेत, आणि ते बरोबरही आहे. परंतु ती परीक्षा दोन अटींवर चालते, हे आपण विसरतो. भात सर्वत्र सारखा शिजत असला पाहिजे. आणि शीत काढणारीने डाव आत घालून येईल ते शीत घेतले पाहिजे, वरचे टपोरे पाहून नव्हे. खांब हा काही एकसारखा शिजलेला भात नसतो. आणि आमच्या मुलीने, बिचारीने, टपोरी शितेच ताटात वाढली होती.

येथे एक भेद करणे मला अवश्य वाटते. पाहणाऱ्याच्या चुकीचा आणि त्याच्या अप्रामाणिकपणाचा आपण सहज घोटाळा करतो. १८७३ मध्ये गोल्जी यांनी मज्जापेशी रंगविण्याची एक अपूर्व रीत शोधून काढली. पुढे स्पेनच्या काहाल यांनी तीच रीत सुधारून वापरली. रीत तीच, पण गोल्जींस मेंदूत एकसंध जाळे दिसले आणि काहालांस सुट्या पेशी दिसल्या. १९०६ साली दोघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले, आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गोल्जींनी सुट्या पेशींचे मत खोडून काढण्याचा यत्न केला! पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट दाखवून दिली आणि वाद मिटला. गोल्जी चुकले खरे. त्यांना अप्रामाणिक कोण म्हणेल? याहून विलक्षण गोष्ट जीवाणूंमधील ‘मेसोसोम’ची. आवरणाच्या आत वळलेल्या या घड्या अनेकांनी इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकातून वर्षानुवर्षे पाहिल्या, त्यांचे कार्य काय असावे यावर तर्क लढविले. पुढे निष्पन्न झाले की जीवाणू टिकविण्यासाठी जी रसायने वापरीत, त्यांनीच त्या घड्या पडत होत्या. पाहण्याच्या तयारीनेच पाहण्याची वस्तू निर्माण केली. येथेही कोणी कोणास फसविले नाही.

फसवणुकीचे उदाहरण वेगळे. २०१६ साली एलिझाबेथ बिक व त्यांचे सहकारी यांनी १९९५ ते २०१४ या काळातील २०,६२१ शास्त्रीय निबंधांतील चित्रे डोळ्यांखालून घातली. ७८२ निबंधांत, म्हणजे शेकडा ३.८ मध्ये, एकच चित्र दोन ठिकाणी वापरल्यासारखे दोष आढळले. आणि त्यांपैकी निदान अर्धे तरी हेतुपुरस्सर असावेत असे त्यांना वाटले. हे उघड पाप आहे व त्याविषयी नीतिशास्त्रास फार विचार करावा लागत नाही.

विचार करावा लागतो तो या दोहोंच्या मधल्या प्रदेशाविषयी. धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचे उच्चस्वराने सांगितले आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटला. हत्तीचा उल्लेख त्याने केलाच नाही असे नाही; केला, पण ऐकू जाणार नाही इतक्या हळू. आमच्या मुलीची सदतीस चित्रे संगणकात होतीच. प्रश्न केवळ आवाजाचा होता. कोणी विचारले तर सांगू, ही वृत्ती मला या मधल्या प्रदेशाची खूण वाटते. माझ्या मते प्रामाणिकपणाची कसोटी एवढीच धरता येईल की निवडीचा नियम पाहण्यापूर्वी ठरला होता की पाहिल्यानंतर. कपच्याच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी पाहीन, असे आधी ठरवून पाचच चित्रे दाखविणारा माणूस संपूर्ण सत्याच्या अधिक जवळ असतो. आणि हजार जागा पाहून त्यांतील पाच सुंदर दाखविणारा त्यापासून फार दूर.

यावर कोणी म्हणेल की गंजाच्या स्फटिकांवरून इतका खल कशास? त्याला माझे उत्तर असे की आमच्या उपनगरांत खांबाचा प्रश्न हा जीविताचा प्रश्न आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील चार मजली इमारत कोसळून १७ माणसे मेली. त्या दुर्घटनेचे कारण गंज नव्हे, तळमजल्यावर केलेले फेरफार, असे पुढे आले. पण वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना खालच्या खांबांचे काय होत आहे ते पुरते दाखविले कोणी? तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने आवश्यक आहे, परंतु तपासणाऱ्याचा हातोडा कोणत्या खांबावर पडावा हे पुष्कळदा त्याच्या बरोबर हिंडणारी माणसेच सुचवितात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या सभेत पुनर्विकास हवा असलेल्यांनी जिन्याखालच्या फुगलेल्या खांबाची छायाचित्रे आणली होती. तो नको असलेल्यांनी आपापल्या गॅलरीतील गुळगुळीत खांबांची आणली होती. सर्वच छायाचित्रे खरी. मी आणि त्या मुलीचे वडील दुसऱ्या पक्षाचे. तीस वर्षांचे घर सोडून भाड्याच्या जागेत जाण्याची, आणि परत येणे कधी घडेल याची, दोघांसही धास्ती वाटते. सभेत माझ्या गॅलरीचे छायाचित्र हातोहात फिरले. मागील अंगास पाण्याच्या टाकीखाली जो खांब आहे, त्याची सळई दोन पावसाळ्यांपासून उघडी पडलेली आहे, हे मला ठाऊक होते. शेजाऱ्यांसही ठाऊक होते. कोणी विचारले असते तर आम्ही सांगितले असते. कोणी विचारले नाही.

परिषदेहून परतताना गाडीत मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. उरलेली सदतीस चित्रे निबंधास जोडून पाठवीन, असे ती मध्येच म्हणाली. तिचे वडील “हं” म्हणाले. मी काहीच म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगास जाऊन टाकीखालच्या खांबाचे छायाचित्र काढले आणि चार ओळींच्या पत्रासह चिटणिसांकडे दिले. शेजाऱ्यांना ते आवडलेले नाही. जिन्यात भेटतात, पण पावसाविषयीच बोलतात.