उपमान आणि प्रमाण

निसर्गातील घटनेशी असलेले साम्य एखाद्या गणिती पद्धतीच्या यथार्थतेचे प्रमाण ठरू शकते काय, हा प्रश्न संगणकशास्त्रात उपस्थित झाला असला तरी मुळात तो ज्ञानमीमांसेचा आहे. इष्टतमीकरणात, म्हणजे असंख्य पर्यायांतून सर्वांत लाभदायक पर्याय शोधताना, प्रत्येक पर्याय तपासणे बहुधा अशक्य असते. म्हणून शोधाची दिशा सुचवणाऱ्या युक्त्या निसर्गाकडून घेतल्या जातात.

१९८३ मध्ये कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेकी यांनी धातू तापवून सावकाश निववण्याच्या क्रियेवरून जी पद्धत मांडली, तिच्यात हे साम्य खोलवर पोचलेले आहे. तप्त अवस्थेत अणू अधिक ऊर्जेच्या स्थितीतही जातात, त्याचप्रमाणे ही पद्धत आरंभी निकृष्ट उत्तरही काही संभाव्यतेने स्वीकारते आणि ‘तापमान’ ही राशी उतरेल तशी ती संभाव्यता घटवत नेते, त्यामुळे शोध जवळच्याच बऱ्यापैकी उत्तरापाशी अडकून पडण्याचा धोका कमी होतो. स्वीकाराचे सूत्र मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांच्या १९५३ च्या संशोधनातले आहे. धातूचा उल्लेख गाळला तरी ते अबाधित राहते.

याउलट २०१४ मधील ‘करडा लांडगा’ पद्धतीत आजवरच्या तीन सर्वोत्तम उत्तरांना कळपाच्या म्होरक्यांची नावे दिली आहेत, आणि प्रत्येक नवे उत्तर त्या तिघांच्या आधारे काढलेल्या स्थानांच्या सरासरीने ठरते. कळपाच्या श्रेणीव्यवस्थेने या सरासरीला कोणतेही समर्थन पुरवलेले नाही. कामाचो-विल्यालोन, डोरिगो आणि स्ट्युट्झले यांनी दाखवून दिले की या पद्धतीतील कल्पना १९९५ च्या कणसमूह पद्धतीत आधीच होत्या.

न्यायदर्शनाने उपमानाला, म्हणजे साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाच्या साधनाला, स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याची मर्यादाही आखली. गाईसारखा दिसणारा प्राणी गवय होय, असे ऐकलेला मनुष्य अरण्यात तसा प्राणी पाहून ‘गवय’ हे नाव याचेच, एवढे जाणतो. गाईचे इतर गुणही गवयात असतील, असे या प्रमाणाने सिद्ध होत नाही. लांडग्याच्या पद्धतीत ही मर्यादा ओलांडली जाते, आणि नाव मिळाले म्हणजे गुणही मिळाला असे गृहीत धरले जाते. हा दोष गंभीर आहे, कारण त्यामुळे जुनीच कल्पना नव्या शोधाच्या रूपाने मिरवते आणि परीक्षणाची गरज झाकली जाते.

याउलट, मुंग्यांवरून सुचलेली पद्धत मांडणाऱ्या याच डोरिगो यांनी साम्य जपण्याचा अट्टहास धरला नाही: त्यांच्या कृत्रिम मुंग्यांना भेट दिलेल्या स्थळांची स्मृती असते, आणि मार्ग जितका आखूड तितका गंधद्रव्याचा ठसा त्या अधिक गडद उमटवतात.