शिळ्या भाताचा निवाडा

रात्रीचा भात उरला तर सकाळी त्याला फोडणी द्यावी, हा महाराष्ट्रातील घरोघरचा इतका जुना शिरस्ता आहे की, त्याबाबत धर्मशास्त्राचे काही म्हणणे असेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. भात हाताने हलकेच मोकळा करावा, त्यावरच हळद, तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर घालून तो सारखा करून घ्यावा, कढईत तेल तापले की मोहरी, हिंग, कढीलिंब आणि मूठभर शेंगदाणे टाकावेत, भात परतून वर झाकण ठेवावे आणि तळाशी किंचित खरपूस थर धरेपर्यंत आच मंद करून वाट पाहावी. याहून अधिक काही त्यात नाही. परंतु ज्या घरांत जेवणापूर्वी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणण्याची वहिवाट आहे, त्या घरांतील मंडळींनी आणखी दोनच अध्याय पुढे जाऊन वाचण्याची तसदी घेतली, तर आपण सकाळी मिटक्या मारीत खाल्लेला पदार्थ तामस अन्नाच्या यादीत रुजू झालेला आहे, असे त्यांना आढळून येईल. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मला वाटत नाही.

सतराव्या अध्यायातील आहाराचे त्रिविध वर्गीकरण सर्वपरिचित आहे. जे रसाळ, स्निग्ध, शरीरात टिकून राहणारे आणि मनाला भावणारे, ते सात्त्विकांना प्रिय. जे अतिशय कडू, आंबट, खारट, उष्ण, तिखट, कोरडे आणि दाह करणारे, ते राजसांना. आणि जे निःसत्त्व, दुर्गंधीयुक्त, शिळे, उष्टे व अपवित्र, ते तामसांना. 'शिळे' म्हणजे नेमके काय, याबद्दल पळवाट राहू नये म्हणून शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात 'शिजवल्यावर मध्ये रात्र गेलेले' असा स्वच्छ खुलासा करून ठेवला आहे. ज्ञानेश्वरांनी तर असले अन्न बिनदिक्कत खाणाऱ्याला म्हशीच्या पंक्तीस नेऊन बसविले आहे. आता हे वर्गीकरण हाती घेऊन आपल्या मुलखातील साध्यासुध्या जेवणाची झडती घेतली, तर काय शिल्लक उरते? ज्वारीची भाकरी कोरडी, ठेचा तिखट आणि त्यासोबत बुक्कीने फोडलेला कांदा दाहक, म्हणून शेतकऱ्याची न्याहारी राजस. रात्रीची भाकरी ताकात कुस्करून खाल्ली तर ती तामस. फोडणीचा भात तामस. ताज्या वरणभातावर तुपाची धार एवढेच काय ते सात्त्विक म्हणून सहीसलामत सुटते. दोन्ही वेळा ताजे शिजविण्याइतके सरपण, डाळ आणि उसंत ज्याच्या घरी आहे, त्याच्याच वाट्याला सत्त्वगुण येणार असेल, तर हे गुणांचे वर्गीकरण झाले की मिळकतीचे, असा प्रश्न कोणीही विचारील.

स्मृतिकारांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाचा निषेध आहे, पण त्याला जोडूनच सवलतींचा तपशीलही आहे: तूपतेलाने युक्त असलेले निर्दोष अन्न शिळे झाले तरी चालते, हवनातून उरलेले चालते, आणि गहू व जवाचे तसेच दुधाचे पदार्थ स्नेहाशिवायही आणि बराच काळ राहिले तरी चालतात. म्हणजे फोडणीची पोळी निर्वेध सुटली. भाताचे मात्र तेलावर अवलंबून राहिले. आणि ते तेल रात्रीच लागलेले असावे की सकाळच्या फोडणीतले चालेल, यावर एखाद्या शास्त्रीबुवांनी चातुर्मासभर खल करावा इतका मजकूर त्यात आहे. या सवलतींमागे उष्ण हवामानात कोणते अन्न लवकर आंबते व कोणते टिकते याचा रोकडा अनुभव आहे, हे उघड आहे. पण अनुभवाने दिलेली मुभा ही मुभाच राहते. तिने दोष माफ होतो, दोष नव्हताच असे ठरत नाही.

यावर एक ठरीव उत्तर दिले जाते. गीतेने अन्नाचे वर्णन केलेले नसून, कोणत्या वृत्तीच्या माणसाला काय आवडते त्याचे वर्णन केले आहे, असे हे उत्तर आहे आणि श्लोकांचा रोख पाहता ते बरोबरही आहे. परंतु त्याने आपले काम भागत नाही, कारण फोडणीचा भात आपल्याला आवडतो, हीच तर कबुली आपण मघाशी दिलेली आहे. तेव्हा निवाडा करायचा तर तमोगुण म्हणजे काय, येथपर्यंत जावे लागते. चौदाव्या अध्यायात त्याची लक्षणे सांगितली आहेत ती प्रमाद, आळस आणि निद्रा ही. जे अन्न दुर्लक्षाने नासले, आळसाने तसेच पडून राहिले आणि खाणाऱ्याला ज्याची शुद्धच नाही, ते तामस, हे कोणालाही पटेल. पण जो भात रात्री पातेल्यावर ताटली घालून, पाण्याच्या परातीत मुंग्यांपासून जपून ठेवला जातो, तो सकाळी मुलांच्या पोटात काहीतरी पडावे म्हणून ठेवलेला असतो. त्या ठेवण्यात प्रमाद कोठे आहे आणि आळस कोठे?

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे, तिचा दाखला येथे फार उपयोगी पडतो. कुरुदेशातील पिके गारपिटीने गेली; कोणी टोळधाडीने म्हणतात. अन्नान्नदशा झालेला हा विद्वान ब्राह्मण पत्नीसह एका हत्तीवाल्याच्या गावी येऊन राहिला. तो हत्तीवाला कुल्माष, म्हणजे आपल्या घुगऱ्यांच्या जातीचे काहीतरी उकडलेले कडधान्य, खात बसला होता. उषस्तीने त्याच्याकडे तेच मागितले. पुढ्यात आहेत त्याखेरीज दुसरे नाहीत, असे तो म्हणाला, तेव्हा त्यातलेच दे, असे याने सांगितले आणि ते उष्टे घेतले. हत्तीवाल्याने पाणी पुढे करताच मात्र, ते उष्टे मी पिणार नाही, असे म्हणून याने नाकारले. मग हे कुल्माष उष्टे नव्हते काय, असा रास्त प्रश्न त्या माणसाने केला. उत्तर असे की, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तेथे मिळते. ब्रह्मसूत्रांतील तिसऱ्या अध्यायात, प्राणसंकट असेल तेव्हाच वाटेल ते अन्न खाण्याची अनुमती आहे असा जो निर्णय आहे, त्याला आचार्यांनी आधार घेतला तो याच कथेचा.

पण कथेचा निम्मा भाग अद्याप राहिलाच आहे. उषस्तीने खाऊन उरलेले कुल्माष पत्नीला आणून दिले. तिला आधीच चांगली भिक्षा मिळालेली होती, म्हणून तिने ते न खाता ठेवून दिले. सकाळी उठल्यावर तो म्हणाला की, थोडेसे अन्न मिळाले असते तर चार पैसे मिळविता आले असते, कारण अमुक राजा यज्ञ करणार आहे आणि तो मला ऋत्विजाचे काम देईल. तेव्हा ती उत्तरली की, ते कुल्माष आहेतच. आदल्या दिवशीचे, उष्टे आणि रात्र उलटलेले ते कुल्माष खाऊन हा गृहस्थ यज्ञमंडपात गेला आणि तेथील ऋत्विजांना त्यांच्याच गायनाच्या देवता त्याने समजावून दिल्या. त्यांतील प्रतिहाराची देवता कोणती, तर अन्न, असे त्याने सांगितले. आदल्या दिवशीच्या खाण्याला प्राणसंकटाची सनद होती. सकाळचे खाणे मला तरी निराळे दिसते: कामावर निघालेल्या माणसाची ती न्याहारी आहे, आणि ती शक्य झाली ती एका बाईने दूरदृष्टीने काहीतरी झाकून ठेवले म्हणून. सतराव्या अध्यायाच्या यादीतील दोन कलमे एकाच वेळी लागू पडतील असे ते अन्न, आणि उपनिषदाला त्याची यत्किंचितही लाज वाटलेली नाही.

लोकधर्मानेही या बाबतीत शास्त्रापेक्षा मोकळा हात ठेवला आहे. शीतळा सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेलेच खायचे, असा गुजरातेपासून आपल्याकडपर्यंत नेम आहे. म्हणजे वर्षातून एक दिवस शिळे खाणे हेच व्रत. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादाला तर उष्टेपणाचा विटाळच लागत नाही.

येथवर आलेला वाचक एका दुसऱ्याच खड्ड्यात पडण्याचा संभव आहे, आणि सध्याच्या काळी तोच अधिक मोठा आहे. साधे अन्न तामस नाही, एवढे सिद्ध झाल्याबरोबर ते खाणारा आपोआप विरक्त ठरतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. 'आम्हाला काही नको, नुसता मऊ भात, तूप आणि मेतकूट असले की झाले,' असे म्हणणाऱ्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो तृप्त वैराग्याचा भाव असतो, त्याची थोडी तपासणी करण्यासारखी आहे. तो भात आंबेमोहोराचा हवा, आणि तोही नव्या तांदळाचा, कारण जुना तसा चिकट होत नाही; पाणी नेहमीच्या दुप्पट घालून तो आसट शिजवायला हवा; तूप घरी कढवलेले हवे; आणि मेतकुटासाठी हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि थोडे गहू निरनिराळे, एकही दाणा न करपवता भाजून, त्यात धने, जिरे, मेथी, मोहरी, हिंग, सुंठ आणि हळद घालून सारे वस्त्रगाळ दळून ठेवलेले हवे. वर लिंबाच्या मुरलेल्या लोणच्याची फोड नको असे नाही. 'काही नको' या दोन-दोन अक्षरी शब्दांचा जमाखर्च मांडला तर दुसऱ्या कोणाचा तरी आठवडा त्यात गेलेला दिसतो.

हा अन्नाचा मोह आहे आणि तो खोल आहे. श्रीखंड किंवा बासुंदी सोडणे तुलनेने सोपे. पण आजारातून उठल्यावर पहिल्या घासाला जी चव जिभेने ओळखली, ती सुटणे अवघड असते, कारण ती आवड म्हणून नव्हे तर स्वतःचाच एक भाग म्हणून आत बसलेली असते. कोकणातून मुंबईला आलेल्या माणसाला उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाचे पिठले यांचे जे वेड असते, ते पंचपक्वान्नांच्या वेडापेक्षा तिळमात्र कमी बंधनकारक नाही. अस्वादाचे व्रत घेणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात, दिवसभरात पाचांहून अधिक जिन्नस खाणार नाही, अशी जी प्रतिज्ञा केली, ती पक्वान्नांविरुद्ध नव्हती. मसाल्याच्या प्रत्येक दाण्याची तीत मोजदाद होत होती. भिक्षेची झोळी नदीत बुचकळून चव घालविणारे यतीही भाजीभाकरीलाच भीत असत. आणि १९९५ नंतर जी झुणका-भाकर सरकारी योजनेतून एक रुपयात विकली गेली, तीच मातीच्या ताटलीत घालून चढ्या दराने खाणाऱ्याला तिच्या निमित्ताने त्यागाचा दाखला मिळत नाही, हे सांगायला नको. त्याने ती चवीने खावी. तेवढे प्रयोजन पुरेसे आहे.

चव ही काही धर्माची वैरीण नव्हे, हे आमच्या संतांनी फार सहजपणे मानले होते. नामदेवांच्या पुढ्यातील भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका आपण सर्वाभूती ईश्वर पाहण्याचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही ही व्यवहारी जाणीवही त्या धावण्यात आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. देवालाही भाकरी तुपाशिवाय रुचणार नाही, अशी ज्याची खात्री, त्याने रसनेचा तिरस्कार केला असे कसे म्हणावे? विदुराघरच्या कण्यांची कथाही तीच. दुर्योधनाचे पक्वान्न सोडून कृष्णाने कण्या खाल्ल्या, त्या बेचव होत्या असे कोणत्याही कीर्तनकाराने आजवर सांगितलेले नाही.

तेव्हा अन्न साधे की जड, ताजे की शिळे, या कसोटीवर धर्माचा निवाडा होत नाही, असे मला वाटते. तो होतो वाढण्यात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पाप खातात, असे म्हटले आहे आणि यज्ञातून उरलेले खाणारे मुक्त होतात, असेही म्हटले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्तही एकट्याने खाणाऱ्याला हेच ऐकविते. सतराव्या अध्यायातील 'शिळे' आणि तिसऱ्या अध्यायातील 'शेष' यांच्यामध्ये आमच्या स्वयंपाकघराचा कारभार चालतो, आणि तो कारभार फारसा न्यायाचा नाही. रात्रीच्या उरल्यासुरल्या दोन पोळ्या, तळाची आमटी आणि कोपऱ्यातली भाजी ही बहुधा एकाच व्यक्तीच्या ताटात जातात. गरम ते सगळ्यांना आणि शिळे ते तिला, ही वाटणी कोणत्याही स्मृतीने लिहून दिलेली नाही. तरी तिची अंमलबजावणी कोणत्याही स्मृतीपेक्षा काटेकोर आहे. 'अन्न टाकवत नाही म्हणून मी खाते,' असे ती म्हणते. त्या बोलण्यातील अन्नाविषयीचा आदर खरा आहे. पण त्या आदराचा सारा भार एकटीनेच का वाहावा, याचे उत्तर पंगतीला बसलेल्यांपैकी कोणी देत नाही, आणि सात्त्विक आहाराची चर्चा नेमकी हीच मंडळी हात वाळेपर्यंत करीत बसतात.

फोडणीचा भात या वाटणीत एक खोडा घालतो. शिळी भाकरी किंवा कालची भाजी निमूटपणे एकीच्या वाट्याला ढकलता येते. पण कढईत मोहरी तडतडली आणि हिंगाचा वास माजघरापर्यंत गेला की, मुले दात घासायचे सोडून ताटल्या घेऊन येतात, कामावर निघालेला माणूस थोडा थांबतो, आणि तळाच्या खरपुडीवरून तंटा सुरू होतो. जे उरले म्हणून एकीने संपवायचे होते, त्यावर सगळे हक्क सांगू लागतात. चांगली गृहिणी हे ओळखून असते. तिच्या घरी रात्रीचा भात पुष्कळदा चुकून उरलेला नसतोच, तांदूळ धुतानाच एक मूठ जास्त घेतलेली असते.