खहर आणि अनंत

शून्याने भागिले असता जे उरते ते उत्तर समजावे की हरकत, हा प्रश्न अल्लीपुरात कापसाचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकालाही चुकत नाही. सृष्टी उत्पन्न होवो वा लय पावो, अच्युत जसा अविकारी राहतो, तशी ही ‘खहर’, म्हणजे शून्य हर असलेली, राशी मिळवणी-वजाबाकीने बदलत नाही, असे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त प्रतिपादिले. संगणकातील अंकगणिताच्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानेही तेथे अनंतच ठेविला. मात्र अपवादाची खूण उभी करून गणित पुढे चालू दिले. सी भाषेच्या लायब्ररीतील दोष शोधणारा ती खूण आधी पुसतो, मग क्रियेमागून क्रिया तपासून मूळ स्थळी पोहोचतो. ही दक्षता मला भक्तीला पूरकच वाटते. कारण अनंतातून अनंत वजा करता यंत्राच्या हाती जे येते ते स्वतःशीही समान नसते, आणि त्याला ईश्वराचे नाव देणे मला मंजूर नाही.