शक्ती की घात?



भोजनास बसलेल्या धन्याने 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावे, प्रवासास निघताना म्हटले तर घोडा आणावा. शब्दाचा अर्थ प्रकरण पाहून करावा, यासाठी आपल्या शास्त्रकारांनी दिलेला हा दृष्टांत. इंग्रजीतील 'पॉवर' हा शब्दही याच जातीचा आहे.

पदार्थविज्ञानात पॉवर म्हणजे काम करण्याचा वेग. दोघांनी सारखेच पाणी उपसले, पण एकाने ते निम्म्या वेळात उपसले, तर काम सारखे; पॉवर मात्र त्याची दुप्पट. चष्म्याच्या भिंगाची पॉवर म्हणजे किरण वळविण्याचे सामर्थ्य. २ डायॉप्टरचे बहिर्गोल भिंग समांतर किरणांना अर्ध्या मीटरवर एकत्र आणते. कायद्यात 'पॉवर ऑफ ॲटर्नी' म्हणजे मुखत्यारपत्र. ही पॉवर स्वतःची नव्हे, दुसऱ्याने सोपविलेली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे धनी मागेल तेव्हा मुखत्याराने चोख हिशेब दिलाच पाहिजे.

गणितात २ ची तिसरी पॉवर ८. आणि या पॉवरला मराठी नाव आहे 'घात'!

हा शब्द आपणांस सावध करो. विधवा काकूची शेती, धाकट्या भावाचा वाटा, देवळाची दानपेटी ज्याच्या हाती आली, त्याने आपण धनी नसून मुखत्यार आहोत हे जाणावे. हिशेबाचा विसर पडला, की त्याच शक्तीचा विश्वासघात होतो. देह, बुद्धी आणि द्रव्य हीदेखील परमेश्वराने सोपविलेली मुखत्यारीच होय. तो हिशेब मागेल त्यापूर्वी आपली वही नीट लिहिलेली असावी.