उणे 60 टक्के

उन्हाळा लागला की सोलापूरकराच्या मोबाइलवर रोज एक आकडा येतो: उजनी धरण उणे इतके टक्के. 2024 च्या उन्हाळ्यात तो उणे 60 च्या आसपास गेला. शून्याच्या खाली पाणी कसं, हे मात्र बहुतेक बातम्या सांगत नाहीत.

सांगायला चार ओळी पुरतात. उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं तळाचं साडेत्रेसष्ट टीएमसी मृत साठा म्हणून बाजूला धरतात आणि टक्केवारी मोजतात ती वरच्या साडेत्रेपन्नासवर. म्हणून उणे 60 म्हणजे मृत साठ्यातले 32 टीएमसी गेले, साधारण साडेएकतीस उरले. त्यातही गाळ आला. हे कळलं की भीती जात नाही, पण तिला माप मिळतं.

मला हे माप फार मोलाचं वाटतं. खोडवा राखायचा की मोडायचा, डाळिंबाचा हस्त बहार धरायचा की आंबे बहार, जलाशयातली मोटार अजून किती खाली सरकवायची, हे निर्णय त्यावर होतात. कोरड्या तळाचा फोटो आणि वर भडक अक्षरं टाकली की लाखभर लोक पाहतात, पण उद्या पुन्हा येत नाहीत. ज्याचं पीक त्या आकड्यावर उभं आहे, तो मात्र हिशेब मांडणाऱ्या पत्रकाराकडे रोज येतो. 2005 साली सकाळ समूहानं निव्वळ शेतीचं दैनिक, ‘अ‍ॅग्रोवन’, काढलं ते अशाच वाचकाच्या भरवशावर. विषय अरुंद असला तरी गरज खोल असते.

वाचकाला तांत्रिक गोष्टी झेपत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही. पावसाळ्यात चहाच्या टपरीवर उभं राहून पाहावं. आपल्याकडे थेंब नसतो, तरी पुण्याकडच्या घाटात पाऊस लागला की माणसं क्युसेकमध्ये बोलू लागतात. भीमेचं पाणी दौंडवरून उजनीत येतं, हे वर्षानुवर्षं बातमीदारांनी तिथला आकडा रोज देऊन, त्याचा अर्थ लावून शिकवलं. शाळेची पायरी न चढलेले आजोबाही नातवाला फोन उघडायला लावतात आणि विचारतात, “दौंडचा विसर्ग किती झाला रे?”